सागाची बहीण तुळस

झाड म्हणजे काय, हा प्रश्न आपल्याला कधी पडत नाही. इंग्रज सरकारला पडला. 1927 च्या भारतीय वन कायद्यात त्यांनी त्याची व्याख्याच करून टाकली: झाडात ताडामाडाची मंडळी येतील, बांबू येईल, झुडपं येतील, वेत येतील आणि खुंटही येतील. खुंट म्हणजे झाड तोडल्यावर जमिनीत जे उरतं ते. झाड गेलं तरी कागदावर ते उभंच असतं, ही दूरदृष्टी सरकारलाच साधते.

भानगड होती ती बांबूची. बांबू गवत आहे. गवतासारखा नव्हे, गवतच. दूर्वा, ऊस, भात, ज्वारी यांच्या कुळातला. खात्री करायची असेल तर ज्वारीचं ताट आणि कळकाची काठी शेजारी शेजारी ठेवून पाहा. तीच पेरं, पेराला लपेटलेलं तेच आवरण, त्याच समांतर शिरांची लांबट पानं. आंब्याचं खोड वर्षानुवर्षं घेरानं वाढत राहतं. बांबूचा कोंब मात्र जमिनीतून जेवढा जाड वर येतो तेवढाच जन्मभर राहतो, उंची तेवढी एका हंगामात गाठून मोकळा होतो. पण कायद्यानं झाड म्हटल्यावर या गवताच्या काडीलाही परवाने लागू झाले. पुढे 2006 च्या वनहक्क कायद्यानं त्याच बांबूला गौण वनोपज म्हटलं, म्हणजे इमारती लाकडाच्या बाहेर काढलं. झालं! एकाच बेटातला बांबू एका कायद्यात झाड, दुसऱ्यात झाड नाही. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला आपल्याच जंगलातला बांबू बाहेर नेण्याचे परवाने मिळाले ते 2011 मध्ये, आणि ते द्यायला केंद्रीय मंत्री आणि मुख्यमंत्री असे दोघेही गावात आले. गवत विकण्यासाठी एवढा थाट दुसऱ्या कुठल्या देशात झाला असेल असं वाटत नाही. अखेर 2017 मध्ये संसदेनं त्या व्याख्येतून बांबू वगळला. नव्वद वर्षांनी बांबू झाड राहिला नाही. खुंट अजून आहे.

सरकारला हसायचं कारण नाही. वनस्पतींची विभागणी जो तो आपापल्या गरजेनं करतो. सरकार बघतं, यावर परवाना बसवता येईल का. भाजीवाल्या मावशी बघतात, जुडीनं द्यायची की वजनावर. नर्सरीवाला पहिल्या वाक्यातच विचारतो, ‘फुलाचं पाहिजे की शोचं?’ जगातल्या यच्चयावत वनस्पती त्याच्या दोन खणांत मावतात आणि त्याचा धंदा उत्तम चालतो. वनस्पतिशास्त्रज्ञ तेवढा असा प्राणी आहे, की ज्याला त्या झाडाचं करायचं काहीच नसतं. तो खिशातून भिंग काढतो, फुलाजवळ वाकतो आणि विचारतो, ‘तुम्ही कुणापैकी?’

आपल्याकडचं सर्वांत कडक वर्गीकरण मात्र यांपैकी कुणाचंच नाही. ते स्वयंपाकघरातलं: उपासाला चालतं आणि उपासाला चालत नाही. या वर्गीकरणाला अपील नाही. बटाटा चालतो, टोमॅटो चालत नाही. वास्तविक दोघं एकाच प्रजातीतले, सोलॅनम या एकाच आडनावाचे. वांगंही त्यांचंच सख्खं, पण त्याच्यावर तर अख्खा चातुर्मास बहिष्कार. आषाढात कांदेनवमीला कांद्याबरोबर त्यालाही भरपेट निरोप द्यायचा आणि मग कार्तिकापर्यंत नाव काढायचं नाही. हिरवी मिरची याच कुळातली, ती चालते. तंबाखू याच कुळातली, ती कुठल्याही उपासाला चालते असं आमच्या ओळखीच्या बऱ्याच उपासकऱ्यांचं मत आहे.

धान्य चालत नाही म्हणून वरीचे तांदूळ खायचे, आणि वरी निघते भात-गव्हाच्याच गवतकुळातली. राजगिरा मात्र प्रामाणिक आहे. तो खरोखरच गवत नाही, माठाच्या कुळातला आहे. पण तो चालतो की नाही हे प्रत्येक घरात पुन्हा विचारावं लागतं. साबुदाण्याची तर गोष्टच और. तो निघतो कसावाच्या कंदापासून, आणि कसावा एरंडाच्या कुळातला. एकादशीला दुप्पट खिचडी खाल्ल्यावर द्वादशीला जे तेल घ्यावं लागतं, ते खिचडीच्याच माहेरचं. त्या खिचडीतला कसावा, शेंगदाणा, मिरची आणि शेजारच्या वाटीतला बटाटा हे चौघंही मूळचे अमेरिका खंडातले, पोर्तुगीजांच्या काळात जहाजांतून आलेले. ‘शास्त्रात सांगितलंय’ असं म्हणणाऱ्या काकूंना हे सांगून पाहा. त्या म्हणतील, ‘अरे, तुपातली आहे ना? मग झालं तर.’

शास्त्रात काय सांगितलंय तेही पाहू. चरकसंहितेत वनस्पतींचे चार गट आहेत. फूल न दिसता फळतात त्या वनस्पती, फुलून मग फळतात ते वानस्पत्य, फळ पिकलं की मरतात त्या ओषधी आणि पसरतात, चढतात त्या वीरुध. वड, पिंपळ, उंबर पहिल्या गटात. उंबराला फुलं असतात, पण ती फळाच्या आत, भिंतीला चिकटून, शेकड्यांनी. उंबर फोडून बघणारा त्या आत शिरलेल्या बारक्या माश्यांनी इतका वैतागतो, की फुलं पाहायची राहूनच जातात. तिकडे ग्रीसमध्ये अ‍ॅरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस यानं झाड, झुडूप, उपझुडूप आणि रोप अशी उंचीच्या हिशेबानं वाटणी केली. तीच आपण अजून तिसरी-चौथीच्या पोरांकडून घोकून घेतो. या वाटणीत केळ कुठे बसवायची हे मात्र कुणी विचारू नये. केळीचा जो खांब आपण लग्नाच्या दारात उभा करतो ते खोड नाहीच, एकात एक गुंडाळलेले पानांचे देठ आहेत. वीस फूट उंच असली तरी केळ झाड नाही, रोपच.

मग आले लिनियसबुवा. स्वीडनचे, 1753 च्या ‘स्पीशीज प्लांटारम’वाले. त्यांनी म्हटलं, उंची नको नि उपयोग नको, फुलातले पुंकेसर मोजा. त्यावरून चोवीस वर्ग. पुंकेसर म्हणजे नवरे आणि स्त्रीकेसर म्हणजे नवऱ्या, असा त्यांचा उघड हिशेब. अफूच्या फुलात एका नवरीमागे वीस किंवा त्याहून अधिक नवरे एकाच शय्येवर नांदतात, असलं वर्णन त्यांनी निर्विकारपणे लिहून ठेवलं. नेचे, शेवाळी वगैरे ज्यांची फुलंच दिसत नाहीत, त्यांना त्यांनी गुपचूप लग्न उरकणाऱ्यांच्या चोविसाव्या वर्गात टाकलं. युरोपातले सभ्य लोक हादरले. सेंट पीटर्सबर्गच्या योहान सीगेसबेक यांनी तर विचारलं, की देव आपल्या बागेत असला व्यभिचार चालू देईल काय? सीगेसबेक आज कुणाला आठवत नाहीत, पण सीगेसबेकिया नावाचं एक चिकट, क्षुल्लक तण आपल्याकडेही उगवतं. त्याचं बारसं लिनियसनंच केलंय. विद्वानांच्या भांडणात असं एखादं तण हाताशी असलेलं बरं.

पुंकेसर मोजायला सोपे म्हणून ही पद्धत भलतीच चालली. पण नुसत्या मोजणीनं नाती जुळत नाहीत. गव्हाच्या फुलात पुंकेसर तीन, भाताच्या फुलात सहा. झालं, गहू एका वर्गात आणि भात दुसऱ्या. आणि त्या दुसऱ्या वर्गात भाताच्या पंगतीला कोण? कांदा. त्याचेही सहाच. एखाद्या शेतकऱ्याला विचारलं असतं तर त्यानं भात-गहू एकीकडे आणि कांदा दुसरीकडे, असं ओंबीकडे बघूनच सांगितलं असतं. ही पद्धत कृत्रिम आहे हे लिनियसलाही ठाऊक होतं. पण सोय एकदा अंगवळणी पडली की ती मोडायला शंभरेक वर्षं जावी लागतात.

शाळेत आपल्याला जे शिकवतात ते इचलर या जर्मन शास्त्रज्ञाचं, 1883 सालचं. थॅलोफायटा, ब्रायोफायटा, टेरिडोफायटा, अनावृतबीजी, आवृतबीजी. नववीत ही नावं पाठ करताना वाटायचं की ही सगळी मंडळी परदेशी असणार. प्रत्यक्षात ती पावसाळ्यात आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीवर एकत्र नांदतात. पाणी साचणाऱ्या फरशीवर हिरवी बुळबुळीत साय चढते, ते शैवाल. त्याला मूळ नाही, खोड नाही, पान नाही. माणसाला पाठीवर पाडण्यासाठी यांतलं काहीच लागत नाही. त्याच्या वर, विटांच्या सांध्यांत, हिरव्या मखमलीचे गोळे. हे ब्रायोफायटा. भिंग लावलं तर त्यात चिमुकली पानं दिसतात आणि मधूनमधून केसाएवढ्या देठांवर तपकिरी टोपीवाल्या कुप्या. त्या बीजाणूंच्या. ही मखमल बोटभरसुद्धा उंच होत नाही. कारण साधं आहे: तिच्या अंगात नळच नाहीत. पाणी या पेशीकडून त्या पेशीकडे हातोहात जातं. शिवाय नरपेशीला मादीपेशीपर्यंत पोहत जावं लागतं, त्यामुळे यांची सगळी लग्नं पावसाळ्यातच.

आणखी वर, जिथं सांडपाण्याचा पाइप भिंतीत घुसतो, तिथं नेच्याचा झुबका. टेरिडोफायटा. यांच्या अंगात नळाची लाइन आली. पाणी मुळापासून टोकापर्यंत चढू लागलं आणि झाड म्हणता येईल अशी उंची गाठणं शक्य झालं. फुलं-फळं नाहीत. पानाच्या पाठीला ओळीनं तपकिरी ठिपके असतात, त्यांत बीजाणू. आमच्या तळमजल्याच्या वहिनींनी कुंडीतल्या नेच्यावरच्या या ठिपक्यांना कीड समजून त्यावर आठवडाभर कडुनिंबाचं पाणी मारलं. नेच्याला काही झालं नाही. त्याचं खानदान डायनासोरांच्याही आधीचं, त्याला कडुनिंबाचं काय!

कंपाउंडच्या कोपऱ्यात मोरपंखी आहे. लहानपणी हिचं पान वहीत ठेवलं की विद्या येते असं आम्ही मानत होतो, म्हणून तिचं नावच विद्या. ती अनावृतबीजी, म्हणजे तिची बी उघडी. निळसर, शिंगं फुटलेली बोंडं तिच्यावर लागतात. ती वाळून उकलली की खवल्यांवर बिया सरळ मांडलेल्या दिसतात. भोवती फळ नाही, गर नाही, साल नाही. परागकण वाऱ्यावर जातात, त्यामुळे पावसाची वाट पाहायला नको. आणि सगळ्यात वर, पाचव्या मजल्याच्या सज्जाच्या भेगेत, कावळ्यानं पेरलेला पिंपळ. आवृतबीजी. बी फळात बंद, फळ पाखराच्या पोटात, आणि पाखराला आमच्या इमारतीचा पत्ता पाठ. आज जगातल्या बहुतेक हिरवाईवर याच गटाचं राज्य आहे. कसं मिळवलं ते त्या भेगेकडे बघून कळतं.

या भिंतीपाशी आमचे सेक्रेटरी एका प्लंबरला घेऊन आले. शैवालापासून पिंपळापर्यंत अख्ख्या वनस्पतिसृष्टीवरून त्यांनी एकदा हात फिरवला आणि एकाच शब्दात वर्गीकरण केलं: ‘लीकेज.’ प्लंबरही मान हलवून म्हणाला, ‘सगळं एकाच लाइनचं आहे साहेब.’ उत्क्रांतीबद्दल इतकं मोजकं विधान मी तरी दुसरं ऐकलेलं नाही.

आवृतबीजींची पुढची वाटणी एकबीजपत्री आणि द्विबीजपत्री. ही सगळ्यांना येते. तूर भरडली की दोन फाका होतात. ज्वारी भरडली की भरडच होते. पिंपळाचं पान वहीत कुजवलं की शिरांची जाळी हाती लागते. केळीचं पान वाऱ्यानं शिरांच्या रेषेत चिरफाळतं. आंब्याचं मूळ सरळ खाली उतरतं. ज्वारीला झुबका, म्हणून अवकाळीत ती आडवी होते. जास्वंदीच्या पाकळ्या पाच, कांद्याच्या फुलाच्या तिनाच्या पटीत. इतकं स्वच्छ असताना अळू मध्ये येतं. अळू एकबीजपत्री, पण पानावर शिरांची जाळी. परीक्षेत पोरांना फसवायचं आणि वडी कच्ची राहिली तर मोठ्यांच्या घशाला खाजवायचं, हा त्याचा दुहेरी कार्यक्रम.

आणि मसाल्याचा डबा उघडला तर नियमच कोसळतो. मिरी, दालचिनी, तमालपत्र, जायफळ यांना आपण द्विबीजपत्री समजत आलो, मार्कही मिळाले. 1998 पासून आवृतबीजींची नवी मांडणी जाहीर होऊ लागली, जनुकं तपासून केलेली. तिनं या चौघांना तिथून उचललं आणि सीताफळ, सोनचाफा, नागवेल यांच्याबरोबर वेगळं बसवलं. ही जुनी घराणी. एकबीजपत्री धड नाहीत आणि खऱ्या द्विबीजपत्रींतही मोडत नाहीत. त्याच डब्यातली लवंग म्हणजे न उमललेली कळी, आणि तिचा जवळचा नातलग जांभूळ. धणे-जिरे एका कुळाचे, हे वासावरूनही कळतं. खोबरं ताडांपैकी. आणि गोड्या मसाल्याचा जीव ते दगडफूल? ते वनस्पतीच नाही. बुरशी आणि शैवाल यांनी मिळून थाटलेला संसार, त्याला दगडफूल म्हणतात. म्हणजे गोडा मसाला ज्या सुगरणीनं पहिल्यांदा केला, तिनं कुठलाही गट सुटू नये याची काळजी घेतली असावी.

या नव्या मांडणीनं नात्यांची जी उलथापालथ केली, तिच्यात मला सर्वांत आवडतो तो साग. इतकी वर्षं तो घाणेरीच्या कुळात होता. आता तुळशीच्या कुळात आलाय. एवढी सामाजिक प्रगती क्वचित कुणाच्या वाट्याला येते. पटत नसेल तर सागाची कोवळी फांदी बोटांत फिरवून पाहा, ती चौकोनी लागते आणि पानं समोरासमोर असतात. तुळशीची काडीही तशीच. तुळशीच्या लग्नात उसाचा मांडव घालतो आपण, तो गवताचा. मुलीकडचे म्हणून बोलवायचं तर ओंडकेवाल्याला आमंत्रण द्यायला हवं. काटेसावर आणि कोको दोघं भेंडीच्या कुळात आलेत. भेंडी न खाणाऱ्या आणि चॉकलेटसाठी लोळण घेणाऱ्या पोरांच्या आयांनी याचा उपयोग करून पाहावा; माझ्या माहितीत अजून कुणाला यश आलेलं नाही. कमळ आणि कुमुदिनी एका तळ्यात, एका चिखलात, सारख्याच गोल पानांवर जगतात. पण त्यांचं नातं लांबचं. कमळाची जवळची मंडळी म्हणजे काश्मीरचा चिनार आणि आपल्या रस्त्यांकडेचा सिल्व्हर ओक. सिल्व्हर ओक ओक नाही, हे वेगळं सांगायला नको.

बाभळीवर मात्र उघड अन्याय झाला. अकेशिया हे नाव मुळात तिच्यावरून पडलेलं, इजिप्त-भारताकडच्या काटेरी झाडाचं. पुढे कळलं की या नावाखाली जमलेला गोतावळा एका घरचा नाही, तो फोडावा लागणार. मग नाव कुणी ठेवायचं? 2005 साली व्हिएन्नात वनस्पतिशास्त्रज्ञांच्या काँग्रेसमध्ये यावर मतदान झालं आणि नाव ऑस्ट्रेलियाकडे गेलं. त्यांच्या जाती शेकड्यांनी, म्हणजे बहुमत त्यांचं. 2011 मध्ये मेलबर्नला, म्हणजे त्यांच्याच अंगणात, हा निर्णय कायम झाला. आपली बाभूळ आता वाशेलिया, खैर सेनेगालिया, आणि हमरस्त्यांच्या कडेला लावलेली परदेशी ऑस्ट्रेलियन बाभूळ ती मात्र राजरोस अकेशिया. भाऊबंदकीत घराचं नाव पाहुण्यानं नेल्याची उदाहरणं आपल्या कोर्टांत सापडतील. पण तिथं निदान तारखा तरी पडतात.

हे सगळं मी एका रविवारी काकांकडे पानावर बसून सांगत होतो. काका कट्टर शाकाहारी. हॉटेलच्या पाटीवर ‘शुद्ध’ लिहिलेलं नसलं तर तिथं पाणीसुद्धा पीत नाहीत.

‘अळंबी तरी वनस्पतीच ना रे?’ त्यांनी विचारलं.

‘नाही काका. 1969 मध्ये व्हिटाकरनं बुरशीची सृष्टीच वेगळी काढली. आणि आता तर म्हणतात, की बुरशी झाडांपेक्षा प्राण्यांना जवळची.’

काकांचा चेहरा उजळला. ‘म्हणून मी ते मशरूम-बिशरूम कधी तोंडात घातलं नाही. तुझ्या काकूला सांगत होतो, त्याचा वाससुद्धा बरा नाही.’

‘पण काका, दगडफूलही अर्धं बुरशीच.’

‘कसलं दगडफूल?’

‘गोड्या मसाल्यातलं.’

काकांचा घास हातातच राहिला. त्यांनी आमटीच्या वाटीकडे पाहिलं, मग काकूंकडे. काकू शांतपणे भात वाढत होत्या. लग्न झाल्यापासूनची प्रत्येक आमटी काकांच्या डोळ्यांपुढून गेली असावी.

‘तू म्हणालास ना, हे लोक सारखं बदलत असतात?’

‘हो. पुढच्या मांडणीत काय होईल सांगता येत नाही.’

‘मग होऊ दे त्यांचं एकदा नक्की.’ काकांनी वाटी पुढे केली. ‘तोवर आमटी वाढ गं.’